सेट, सद् आणि बसणे

शब्द जितका आखूड तितकी कोशातली त्याची नोंद लांब, असा एक अलिखित नियम दिसतो. ‘अनिर्वचनीय’ या शब्दाची बोळवण एका ओळीत होते; ‘लागणे’ या क्रियापदाला मात्र स्तंभच्या स्तंभ लागतात. मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती उघडावी किंवा दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश उघडावा, अनुभव एकच येतो. भारदस्त शब्द कोशात पाहुण्यासारखे उतरतात. घर चालवतात ते ‘लागणे’, ‘पडणे’, ‘बसणे’, ‘येणे’ यांसारखे रोज राबणारे शब्द.

इंग्रजीत असे राबण्याचा मान दीर्घकाळ ‘सेट’ या शब्दाकडे होता. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत या एका शब्दाच्या नोंदीत सुमारे ४३० अर्थ दिले आहेत आणि ती नोंद सुमारे ६०,००० शब्दांची आहे. म्हणजे एका शब्दाच्या अर्थांवर एक मध्यम आकाराची कादंबरीच म्हणायची. पुढे तिसऱ्या आवृत्तीच्या कामात ‘रन’ या क्रियापदाने त्याला मागे टाकले. त्याचे ६४५ अर्थ नोंदवले गेल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले. यंत्रे, कारखाने, संगणक, निवडणुका, जाहिराती असे सगळेच ‘चालू’ आणि ‘धावू’ लागल्यावर धावणाऱ्या शब्दाने बसणाऱ्या शब्दाला हरवावे, हे काळाला धरूनच झाले.

मराठीच्या अध्यापकांनी या इंग्रजी शब्दाची उठाठेव कशासाठी करावी, असा प्रश्न येथे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की जालना जिल्ह्यातल्या कोणत्याही महाविद्यालयाच्या मराठी विभागात ‘प्रतिभा’, ‘रस’, ‘देशीवाद’ हे शब्द एखाद्या दिवशी उच्चारले गेले नाहीत तरी चालते. ‘सेट’ हा शब्द उच्चारल्यावाचून मात्र दिवस मावळत नाही. तो इंग्रजी उरलेलाच नाही. मग त्याने आपल्याकडे येताना काय आणले आणि काय तिकडेच ठेवले, हे पाहणे आमच्या विषयाच्या कक्षेत येते.

प्रथम त्याचा मूळ संसार पाहू. भाषांतराच्या तासिकेला आम्ही कधी कधी हा एकच शब्द देतो आणि त्याची मराठी रूपे काढायला सांगतो. सूर्य असेल तर तो मावळतो. दही असेल तर ते लागते. निखळलेले हाड बसवतात, खडा कोंदणात जडवतात, सापळा लावतात, पाने मांडतात, घड्याळ लावतात, प्रश्नपत्रिका काढतात, तारीख ठरवतात, पायंडा पाडतात, कवितेला चाल लावतात, छापखान्यात खिळे जुळवतात, कोंबडी अंड्यांवर बसवतात. सिमेंट घट्ट होते, प्रवासाला माणूस निघतो आणि कादंबरी एखाद्या गावात ‘घडते’. फळा भरतो. विद्यार्थी पहिल्यांदा चकित होतात ते इंग्रजीच्या संपत्तीने: एका शब्दात एवढे सारे! मग त्यातला एखादा सावधपणे म्हणतो की उलटेही म्हणता येईल; त्यांना एकाच शब्दावर भागवावे लागते, आपल्याकडे प्रत्येक कामाला वेगळा माणूस आहे.

दोन्ही निष्कर्ष अर्धेच खरे आहेत. फळ्यावरची यादी नीट वाचली तर दिसते की ‘लावणे’ आणि ‘बसवणे’ ही दोन क्रियापदे तिच्यात पुन्हा पुन्हा येतात. आपल्याकडेही सगळ्या कामांना धावून जाणारे गडी आहेतच. घरचे असल्यामुळे त्यांच्याकडे लक्ष जात नाही, इतकेच.

यातली ‘बसवणे’शी असलेली जवळीक योगायोगाची नाही. इंग्रजीत ‘सिट’ म्हणजे बसणे आणि ‘सेट’ हे त्याचे प्रयोजक रूप, म्हणजे बसवणे. या दोन्हींचे मूळ ज्या आदिम धातूत आहे, त्याचेच संस्कृतातले रूप म्हणजे ‘सद्’. संस्कृतातही त्याचे प्रयोजक रूप ‘सादयति’ असे होते. व्युत्पत्तीच्या दृष्टीने ‘सेट’ आणि ‘सादयति’ ही सख्खी भावंडे आहेत. (दागिन्यांचा सेट, भांड्यांचा सेट या अर्थाचा ‘सेट’ मात्र वेगळ्या घरचा. तो जुन्या फ्रेंचमधून, लॅटिन ‘सेक्टा’वरून आला, संप्रदाय या अर्थाच्या ‘सेक्ट’चे मूळही तेच. दोघे सारखे दिसत म्हणून इंग्रजीने त्यांना एका घरात नांदवले.) आपले ‘बसणे’ हे या ‘सद्’चे अपत्य नव्हे. ते ‘उपविशति’वरून, संतांच्या ‘बैसणे’ या रूपामार्गे आपल्यापर्यंत आले. पण काम त्याने तेच पत्करले.

‘सद्’चा आपल्याकडचा गोतावळा मोठा आहे. सदन, सभासद, सदस्य, परिषद, संसद, उपनिषद हे सगळे बसण्याचे शब्द: मानाने बसण्याचे, एकत्र बसण्याचे, गुरूच्या जवळ बसण्याचे. पण त्याच घरात आणखी एक शब्द राहतो, तो म्हणजे ‘विषाद’. ‘अवसाद’ही तिथलाच. पाणिनीय धातुपाठात सद् या धातूचे अर्थ विशरण, गती आणि अवसादन असे दिलेले आहेत. म्हणजे मोडून विखुरणे, जाणे आणि खचणे. सभेत मानाने बसणे आणि मनातून खचणे ही एकाच धातूची दोन अंगे. आणि तिसरे अंग ‘प्रसाद’: गढूळ पाण्यातला गाळ खाली बसला की वर जी नितळता उरते ती. काव्यशास्त्रातला प्रसादगुण आपण शिकवतो तो याच नितळतेवरून आलेला. खाली बसणाऱ्या गोष्टीचे काय होईल हे धातू सांगत नाही. ती स्थिर होईल, खचेल किंवा नितळेल. इंग्रजी ‘सेट’मध्येही हे दुहेरीपण आहे. पाया ‘सेट’ होतो तो पक्का होण्यासाठी आणि सूर्य ‘सेट’ होतो तो बुडण्यासाठी.

आता हा शब्द आमच्या जिल्ह्यात काय करतो ते पाहू. तो आधी आला वस्तूंबरोबर. रुखवतातला लेमन सेट, टी-सेट, डिनर सेट; सराफाकडचा सोन्याचा सेट; विहिरीवरचा पंपसेट; पुढे हँडसेट. या अर्थाने तो पुल्लिंगी आहे आणि निरुपद्रवी आहे. शाळेच्या गणितात त्याच अर्थासाठी ‘संच’ हा चांगला शब्द रुळला. पण रुखवतावर कोणी ‘चहाचा संच’ म्हणत नाही.

दुसऱ्या वेळी तो आला शेतात. जालना हा मोसंबीचा जिल्हा. येथल्या मोसंबीला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. आंबे बहर धरायचा तर हिवाळ्यात बागेचे पाणी तोडून झाडाला ताण देतात. मग पाणी देऊन ताण तोडतात, झाड फुलावर येते आणि फुलाच्या जागी हरभऱ्याएवढे फळ धरले की शेतकरी म्हणतो, ‘सेटिंग चांगली झाली.’ कृषी खात्याच्या पुस्तिकांत यालाच फळधारणा म्हणतात. पण सेट झालेले प्रत्येक फळ हाती येतेच असे नाही. त्यानंतर गळ असते आणि तिच्यानंतर पाणी. २०१२-१३ च्या दुष्काळात या जिल्ह्याने टँकरच्या पाण्यावर बागा जगवून पाहिल्या; अनेकांच्या फळासकट झाडेही गेली आणि वाळलेल्या बागा तोडाव्या लागल्या. ‘सेट’ होणे म्हणजे हमी नव्हे, हे आमच्या विद्यार्थ्यांतल्या अनेकांना कोशाआधी बागेने शिकवलेले आहे.

तिसऱ्या वेळी तो आला माणसाच्या आयुष्यात. ‘पोरगा पुण्याला सेट झाला’, ‘एकदा सेट झालो की लग्नाचं बघू’. येथे तो विशेषणासारखा आहे, त्याला लिंगवचनाचा विकार नाही. याचा मराठी पर्याय सांगा म्हटले तर विद्यार्थी अडखळतात. ‘स्थिरस्थावर होणे’ म्हणावे तर ते पुस्तकी वाटते. ‘हाताशी येणे’, ‘मार्गी लागणे’, ‘जम बसणे’ हे जवळचे आहेत. पण ‘मार्गी लागलेला’ माणूस अजून चालतोच आहे आणि ‘सेट झालेला’ पोहोचला आहे. गाव, पगार, घर, विवाह हे सगळे एका ठोक्यात मिळाले असे सुचवणारा हा शब्द आहे. ज्या पिढीला हे सगळे सुटे सुटे आणि उशिरा मिळते, तिनेच तो इतक्या असोशीने उचलला.

चौथा आणि आमच्या विभागाचा खास अर्थ म्हणजे परीक्षा. येथे ‘सेट’ स्त्रीलिंगी होते. ती निघते, ती राहते, ती ‘दोन मार्कांनी गेली’. वरिष्ठ महाविद्यालयात अध्यापक होण्यासाठीची नेट १९८९ मध्ये सुरू झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९९१ च्या नियमांनी ही पात्रता बंधनकारक केली आणि राज्यपातळीवर सेट आली. महाराष्ट्र आणि गोवा यांच्यासाठी ती पुण्याचे विद्यापीठ घेते. तिचे पूर्ण मराठी नाव ‘राज्य पात्रता परीक्षा’. या अक्षराने मराठी अध्यापकांच्या दोन पिढ्या विभागल्या. १९९१ ते २००० या काळात नेमलेल्या बिगर नेट-सेट अध्यापकांचा प्रश्न इतका चिघळला की २०१३ मध्ये त्यासाठी राज्यभर विद्यापीठ परीक्षांच्या कामावर बहिष्कार झाला.

आम्ही ही परीक्षा दिली तेव्हा तिचा तिसरा पेपर लेखी असे. पुढे तोही वस्तुनिष्ठ झाला आणि आता दोनच पेपर आहेत: पहिल्यात ५० प्रश्न, दुसऱ्यात १००, प्रत्येकाला दोन गुण, चार पर्यायांपैकी एक बरोबर. मोठ्या संख्येच्या परीक्षेला याहून सोयीची पद्धत सापडणे कठीण, हे मान्य. पण मराठीच्या वर्गात दोन वर्षे आम्ही काय शिकवतो? शब्दाला अभिधा, लक्षणा, व्यंजना असतात. अर्थ एकाच जागी बसत नाही. श्लेष हा दोष नव्हे, अलंकार आहे. आणि मग ज्या परीक्षेने हे शिकवण्याची पात्रता ठरते, तीत विद्यार्थ्याला एकच वर्तुळ काळे करायचे असते. तिचे नाव मात्र असे, की त्याला चारशेहून अधिक अर्थ आहेत.

भर्तृहरीने वाक्यपदीयात अनेकार्थी शब्दाचा नेमका अर्थ कशाने ठरतो याची गणना केली आहे. साहचर्य, प्रकरण, देश, काल यांबरोबर त्यात ‘व्यक्ती’ही आहे, व्यक्ती म्हणजे येथे व्याकरणातले लिंग. मम्मटानेही काव्यप्रकाशात ती गणना स्वीकारली. आमच्या ‘सेट’ला ही कसोटी चपखल लागते. ‘तो सेट’ दागिन्यांचा, ‘ती सेट’ परीक्षा, लिंगाच्या पलीकडचा ‘सेट’ म्हणजे सुस्थिर आयुष्य. लिंग बदलले की अर्थ बदलतो. प्रश्न असा की ‘ती’ निघाल्यावर ‘तो’ सेट होतो का?

अंबड तालुक्यातल्या एका माजी विद्यार्थ्याची आई एकदा विभागात आली होती. मुलगा मराठीत सेट उत्तीर्ण होऊन सात वर्षे झालेली, तासिका तत्त्वावर दोन ठिकाणी शिकवणारा. माउलीने सरळ विचारले, “सर, पोरगं सेट झालं म्हनतेत समदे, मंग अजून कुठं बसंना कामून?” आम्ही व्युत्पत्ती शिकवणारी माणसे; पण ‘सेट’ आणि ‘बसणे’ यांचे नाते इतक्या नेमकेपणाने आम्हांला कोणत्या ग्रंथात भेटले नव्हते. तिच्या प्रश्नात श्लेष नव्हता. तिच्या लेखी तो एकच शब्द होता: सेट झाला म्हणजे बसायला हवा.

तासिका तत्त्व म्हणजे काय, हे वाचकांपैकी अनेकांना सांगावे लागणार नाही. जितके तास घेतले तितक्यांचे मानधन, सुट्टीचे नाही, दर शैक्षणिक वर्षाला नवी नेमणूक. ‘पात्रता’ या शब्दाचा मूळ अर्थ येथे आठवतो. पात्र म्हणजे भांडे. ज्यात काही ओतता येईल ते. पात्रता परीक्षेने भांडे घासूनपुसून स्वच्छ असल्याचा दाखला दिला. पंगतीत पान मांडले आहे. वाढपी या ओळीपर्यंत येईल की नाही हा प्रश्न त्या परीक्षेच्या कक्षेत येत नाही. आणि पात्र म्हणजे नदीचे पात्रही. उन्हाळ्यात आमच्या कुंडलिकेचे पात्र पाहिले की पात्र असणे आणि पाणी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कळते.

या फटीत पाचवा अर्थ शिरला. तो म्हणजे ‘सेटिंग’. बागेत ज्या शब्दाने फळ धरते, नोकरीच्या बाजारात त्याच शब्दाने फळ आधीच कोणाच्या तरी पदरात पडल्याचे सुचवले जाते. “सेट आहे, पण सेटिंग आहे का?” हा प्रश्न आमच्या मुलांत विनोद म्हणून विचारला जातो आणि त्यावर हशा होतो. तो हशा ऐकायला बरा वाटत नाही. मुलगी विचारते तेव्हा कोणी हसतही नाही. कारण तिच्या बाबतीत घरची माणसे एक सहावी गोष्ट ‘सेट’ करण्याच्या घाईत असतात आणि ‘सेट निघाली की बघू’ ही तिने मागून घेतलेली मुदत असते. तिच्यासाठी ही परीक्षा पात्रतेची राहत नाही. ती सवलतीची होते. आणखी एक वर्ष ग्रंथालयात बसता येण्याची.

येथे ‘बसणे’कडे परत यावेसे वाटते. ‘सेट’ आपल्याकडे आला तेव्हा त्याने आपले एक अंग तिकडेच ठेवले. मावळण्याचा, बुडण्याचा अर्थ मराठी ‘सेट’ने घेतलाच नाही, महाबळेश्वरच्या सनसेट पॉइंटपुरता तो उरला, तोही फलकावर. आपण घेतला तो फक्त पक्के होण्याचा, जमण्याचा, पोहोचण्याचा अर्थ. उसने घेताना माणूस जे कमी असते तेच घेतो, हे भाषेलाही लागू आहे.

‘बसणे’ने मात्र काही लपवलेले नाही. गणपती बसतो, घट बसतात, नाटक बसते, हात बसतो, विश्वास बसतो, संसाराची घडी बसते. आणि घसा बसतो, गाल बसतात, धक्का बसतो, मार बसतो, झडीच्या पावसात जुने धाबे बसते. ‘धंद्याचा जम बसला’ आणि ‘धंदा बसला’ यांत एका शब्दाचे अंतर आहे आणि तेवढ्यात माणूस रस्त्यावर येतो. विद्यार्थी परीक्षेला बसतो, ग्रंथालयात बसतो, आणि त्यानंतर काही झाले नाही तर तो ‘घरी बसतो’. अभ्यास, आशा आणि बेकारी या तिन्हींना मराठीने एकच क्रियापद दिले आहे. हे भाषेचे दारिद्र्य नव्हे. सद् या धातूत सभासद आणि विषाद जसे शेजारी राहतात, तसेच हे आहे; बसलेला माणूस कोणत्या बाजूला कलेल ते क्रियापद आधी सांगत नाही, कारण ते त्याच्या एकट्याच्या हातात नसते.

आमचे म्हणणे इतकेच, की ‘सेट’ हा शब्द आमच्या मुलांच्या तोंडून काढून घेता येणार नाही आणि घेऊही नये. भाषाशुद्धीचा हा प्रश्न नाही. पण हा शब्द अर्धाच खरा बोलतो. परीक्षा निघाली की आयुष्य सेट झाले, असे तो सुचवतो. आणि ते झाले नाही की मुलगा समजतो, आपल्यातच काही उणे आहे. दोष पात्राचा नसतो, हे त्याला त्या शब्दाच्या आधारे सांगता येत नाही. ‘बसणे’च्या आधारे सांगता येते. म्हणून भाषांतराच्या तासिकेत फळ्यावरची यादी पुसण्यापूर्वी आम्ही दोन्ही शब्द शेजारी लिहितो आणि विद्यार्थ्यांना त्यांचे त्यांचे अर्थ मिळवायला सांगतो. कोणी मंठ्याचा असतो, कोणी भोकरदनचा, कोणी घनसावंगीचा. प्रत्येकाच्या घरी काही तरी बसलेले असते आणि काही तरी बसायचे असते. यादी लांबत जाते, तास संपतो. परीक्षेत यातले काही विचारले जाणार नाही, हे त्यांनाही ठाऊक असते. तरी ते लिहून घेतात.